पाड्यावरच्या सौरप्रकल्पासाठी आंतरराष्ट्रीय निधी कसा मिळवावा

सातपुड्यातल्या किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या पाड्यावर काम करणारी लहान संस्था सौरऊर्जेचा विचार करू लागली, की ‘परदेशातून यासाठी निधी मिळतो म्हणे’ हे वाक्य बैठकीत कोणीतरी हमखास उच्चारते. निधी मिळतो हे खरे आहे. परंतु तो कोणत्या रूपात येतो, कोणाकरवी येतो आणि कोणत्या अटींवर येतो हे समजून न घेता लिहिलेले अर्ज फायलींत पडून राहतात. त्याहून वाईट म्हणजे, मंजूर झालेल्या अर्जांतून उभे राहिलेले प्रकल्पही चार-पाच वर्षांत बंद पडतात. असे प्रस्ताव लिहिताना आणि इतरांचे तपासताना माझे एक मत पक्के झाले आहे. प्रस्तावाची सुरुवात पॅनेलच्या संख्येपासून करू नये. सातव्या-आठव्या वर्षी बॅटरी कोणाच्या पैशाने बदलली जाईल, या प्रश्नापासून करावी. पुढे जे लिहिले आहे ते त्याच प्रश्नाभोवती फिरते.

पैसा कोणत्या वाटेने येतो

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांपैकी सातवे उद्दिष्ट असे आहे, की २०३० पर्यंत सर्वांना परवडणारी, भरवशाची आणि स्वच्छ ऊर्जा मिळावी. २०२३ मध्ये जगात सुमारे ६६.६ कोटी लोकांकडे वीज नव्हती आणि सुमारे २१० कोटी लोकांचा स्वयंपाक लाकूड, गोवऱ्या, कोळसा अशा धूर करणाऱ्या इंधनावर होत होता. वीज नसलेल्यांपैकी बहुतेक लोक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहतात. साहजिकच नव्या निधीचा ओघ तिकडे आहे. जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांनी २०२४ मध्ये जाहीर केलेली ‘मिशन ३००’ ही मोहीम २०३० पर्यंत आफ्रिकेतील ३० कोटी लोकांपर्यंत वीज नेण्यासाठी आहे.

भारतातील संस्थेने हे वास्तव मान्य करूनच अर्जाला हात घालावा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेनंतर आपल्याकडे बहुतेक घरांपर्यंत तार पोहोचली आहे, त्यामुळे ‘आमच्या भागात वीज नाही’ हा सरसकट दावा परीक्षकाला पटत नाही आणि तो बहुधा खराही नसतो. आपली गरज वेगळी आहे आणि ती तशीच सांगावी: तार आहे पण संध्याकाळी दाब मिळत नाही, पावसाळ्यात एक झाड पडले तर आठ-आठ दिवस अंधार राहतो, थ्री फेज नसल्यामुळे गिरणी चालत नाही, डीपी जळाली तर ती बदलून मिळेपर्यंत महिना उलटतो. ही गरज पहिल्या प्रकारच्या गरजेपेक्षा कमी महत्त्वाची नाही. फक्त ती आकड्यांनी सिद्ध करावी लागते.

आता पैशाविषयी. विकसनशील देशांना स्वच्छ ऊर्जेसाठी मिळालेला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी २०१६ मध्ये २८.४ अब्ज डॉलरपर्यंत गेला होता. २०२३ मध्ये तो सुमारे २१.६ अब्ज डॉलर होता. त्या २०२३ च्या रकमेतील ८० टक्क्यांहून अधिक पैसा कर्जाच्या स्वरूपात होता आणि निखळ अनुदान १० टक्क्यांच्याही आत होते. कर्जाचा पैसा सरकारे, सरकारी कंपन्या आणि बँका यांच्याकडे जातो. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून उभा राहिला, हे त्याचे आपल्या घराजवळचे उदाहरण. चाळीस घरांच्या पाड्याने या दारावर थाप मारण्यात अर्थ नाही.

हवामानबदलाशी निगडित कामांसाठी विकसनशील देशांना पैसा देणाऱ्या हरित हवामान निधीची (ग्रीन क्लायमेट फंड) गोष्टही तशीच. दक्षिण कोरियातील सोंगदो येथे मुख्यालय असलेल्या या निधीकडे संस्थेला थेट अर्ज करता येत नाही. त्याने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फतच जावे लागते. भारतात नाबार्ड ही अशी मान्यताप्राप्त संस्था असून ओडिशातील भूजल पुनर्भरण आणि सौर सूक्ष्मसिंचनाच्या प्रकल्पासाठी तिच्यामार्फत सुमारे ३.४ कोटी डॉलर मंजूर झाले होते. लहान संस्थेला येथे मिळू शकते ती मोठ्या प्रकल्पातील अंमलबजावणीची एखादी भूमिका, आणि त्यासाठी नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांशी ओळख आणि त्यांना दाखवण्याजोगे काम, दोन्ही हवे.

लहान संस्थेसाठी खऱ्या अर्थाने उघडी असलेली दारे दोन-तीनच आहेत. पहिले जागतिक पर्यावरण सुविधा (ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी) या आंतरराष्ट्रीय निधीच्या लघु अनुदान कार्यक्रमाचे. १९९२ पासून चालत आलेला हा कार्यक्रम संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत राबवला जातो आणि भारतात त्याचे काम टेरी ही दिल्लीची ऊर्जा-संशोधन संस्था पाहते. एका प्रकल्पाच्या अनुदानाची कमाल मर्यादा दीर्घकाळ ५० हजार डॉलर होती आणि लोकांचा स्वतःचा वाटा, मग तो रोख असो वा श्रमाचा, त्यात अपेक्षित असतो. दुसरे दार खासगी प्रतिष्ठानांचे. इकिया फाउंडेशन, रॉकफेलर फाउंडेशन यांसारखी मोठी प्रतिष्ठाने लहान संस्थांना सहसा थेट रक्कम देत नाहीत, पण त्यांच्या पैशावर चालणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांत स्थानिक भागीदार लागतात. तिसरे दार परदेशातील मराठी मंडळींच्या आणि इतर भारतीयांच्या सेवाभावी संस्थांचे. त्यांच्या रकमा लहान असतात, पण निर्णय लवकर होतात आणि पहिल्या प्रकल्पासाठी हे दार मला सर्वांत योग्य वाटते.

कोणत्याही एका दारावर सगळी भिस्त ठेवू नये. परदेशांना विकासाची मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही सरकारी संस्था २०२५ मध्ये मोडीत निघाली आणि २०१३ पासून चाललेला तिचा ‘पॉवर आफ्रिका’ कार्यक्रमही तिच्याबरोबर संपला. अर्धवट राहिलेल्या कामांचे पुढे काय करायचे हे ठरवण्यास अनेक भागीदारांना वेळसुद्धा मिळाला नाही.

आधी गरज मोजावी

प्रस्तावाच्या आधी किमान तीन महिने एक साधी वही घ्यावी. पाड्यावरच्या तीन-चार घरांत आणि उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत वीज कधी आली, कधी गेली, संध्याकाळी सात ते दहा या वेळात किती तास राहिली, हे रोज लिहून ठेवण्यास एखाद्या बारावी शिकलेल्या मुलीला सांगावे आणि तिला त्याचे मानधन द्यावे. एक साधा मल्टिमीटर तिच्या हाती दिला तर संध्याकाळी २३० ऐवजी १५० किंवा १६० व्होल्टच मिळतात हेही कागदावर येईल. ही वही प्रस्तावातील सर्वांत वजनदार पुरावा ठरते, कारण ती दुसऱ्या कोणाकडे नसते.

ही नोंद परीक्षकाच्या भाषेत मांडण्यासाठी जागतिक बँकेने २०१५ मध्ये मांडलेली पायऱ्यांची पद्धत वापरावी. तिच्यात वीज ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच पाहत नाहीत. शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात आणि किती वॉट मिळतात, दिवसाला किती तास, संध्याकाळी किती तास, दाब पुरेसा आहे का, परवडते का, धोका आहे का, हे सगळे स्वतंत्रपणे तपासतात. सर्वांत खालची जी पायरी येईल तीच त्या घराची पायरी. उदाहरणार्थ, दिवसाला १६ तास वीज असणे हे चौथ्या पायरीचे लक्षण आहे. पण त्याच घरात संध्याकाळचे दोनच तास मिळत असतील तर ते घर दुसऱ्या पायरीवर उतरते. सरकारी आकडेवारीत शंभर टक्के विद्युतीकरण झालेल्या पाड्याची खरी स्थिती दाखवायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही.

त्यानंतर लोकांना वीज कशासाठी हवी आहे हे विचारावे आणि ते बायकांना वेगळे बसवून विचारावे. पुरुषांच्या बैठकीत रस्त्यावरच्या दिव्यांची मागणी येते. बायकांच्या बैठकीत दळणाचा विषय निघतो: नागलीचा डबा डोक्यावर घेऊन घाट उतरायचा, गिरणीत वीज नसली तर डबा तिथेच ठेवून रिकाम्या हाताने परत यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चढण. अशा पाड्यासाठी दिव्यांपेक्षा गिरणी आणि भात भरडण्याचे यंत्र अधिक उपयोगाचे आहे. शिवाय गिरणीतून उत्पन्न येते, ते दिव्यांतून येत नाही.

मग भाराचा हिशेब करावा. समजा गिरणीची मोटर दोन अश्वशक्तीची, म्हणजे ढोबळमानाने १.५ किलोवॉटची आहे आणि ती दिवसाला तीन तास चालेल, ४.५ युनिट झाले. भरडण्याचे यंत्र तेवढ्याच शक्तीचे, दोन तास, ३ युनिट. समाजमंदिरातील दिवे आणि मोबाइल चार्जिंग यांना अर्धे युनिट. एकूण ८ युनिट. महाराष्ट्रात १ किलोवॉटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देते, म्हणून कागदावर २ किलोवॉट पुरतात असे दिसते. येथेच बहुतेक प्रस्ताव चुकतात. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर ढग हलत नाहीत आणि उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, आणि नेमके त्याच दिवसांत ओढ्याला पूर आल्यामुळे खालच्या गावातील गिरणी गाठता येत नाही. म्हणून हिशेब सरासरीवर करू नये, सर्वांत वाईट महिन्यावर करावा. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, हेही इन्व्हर्टरचे माप ठरवताना विसरू नये. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, बसवल्यास मोटर हळूहळू वेग घेते आणि हा ताण बराच कमी होतो.

आणखी एक निर्णय याच टप्प्यावर घ्यावा. दळण आणि भरडण दिवसाच्या उन्हात उरकता येते, मग त्यासाठी बॅटरीत वीज साठवायची कशाला? बॅटरी फक्त रात्रीच्या दिव्यांपुरती ठेवली तर ती लहान होते, आणि आयुष्यभराच्या खर्चात बॅटरीच सर्वांत महाग वस्तू असते. काही विक्रेते मोठ्या बॅटरीचा आग्रह धरतात. त्यांना भार-तक्ता दाखवून एकेका ओळीचे कारण विचारावे.

देखभालीचा हिशेब पहिल्या पानावर

काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत मी पाहिलेले दृश्य मला विसरता येत नाही. छतावर पॅनेल स्वच्छ, चकचकीत. खाली कोठीच्या खोलीत आठ बॅटऱ्या ओळीने ठेवलेल्या, त्यांच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी चढलेली, आणि एकीचेही झाकण दोन वर्षांत उघडलेले नव्हते. डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते हे सांगणारा माणूस बदलून गेला होता आणि ते विकत आणण्यासाठी कोणत्याही लेखाशीर्षात पैसे नव्हते. देणगीदाराच्या अहवालात तो प्रकल्प ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ असा नोंदलेला होता, आणि मुले रॉकेलच्या चिमणीत अभ्यास करत होती.

म्हणून हा हिशेब ग्रामसभेत, फळ्यावर, सर्वांसमोर करावा. आकडे आपापल्या दरपत्रकांप्रमाणे बदलतील, पद्धत अशी. समजा लहान लिथियम बॅटरीची किंमत ९६,००० रुपये आणि आयुष्य आठ वर्षे धरले. महिन्याला १,००० रुपये बाजूला पडले पाहिजेत. इन्व्हर्टर ६०,००० रुपयांचा आणि दहा वर्षांचा धरला तर महिन्याला ५०० रुपये. तालुक्याहून येणाऱ्या मेकॅनिकचा ठरलेला महिन्याचा फेरा १,२०० रुपये, पट्टा, बेअरिंग आणि दगडांना टाकी घालणे यासाठी ५०० रुपये, विम्याचे ३०० रुपये. एकूण ३,५०० रुपये.

आता उत्पन्न. चाळीस घरांचे महिन्याचे दळण १,००० किलो धरू. किलोमागे ५ रुपये घेतले, त्यातले २ रुपये गिरणी चालवणाऱ्या बाईला आणि ३ रुपये देखभाल निधीला, तर निधीत ३,००० रुपये जमतात. म्हणजे दरमहा ५०० रुपयांची तूट. ही तूट झाकून ठेवू नये. ती फळ्यावर लिहून लोकांना विचारावे. प्रत्येक घराने महिन्याला २० रुपये द्यावेत असे ठरले तर ८०० रुपये येतात आणि ३०० रुपये वरकड राहतात, जे पावसाळ्यात दळण कमी झाल्यावर उपयोगी पडतात. चाळीसपैकी पाच घरे देऊ शकणार नाहीत, हेही त्याच बैठकीत मोकळेपणाने बोलावे आणि त्यांच्याबद्दलचा निर्णय ठरावात लिहावा.

देखभाल निधीचे बँक खाते बचत गटाच्या नावाने, दोन महिलांच्या सह्यांनी, प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच उघडावे आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांची वर्गणी आताच जमा करून पासबुकाची छायाप्रत प्रस्तावाला जोडावी. पॅनेल येण्याआधी लोकांनी पैसे भरले, हे ज्या परीक्षकाला दिसते त्याला पुढची दहा पाने फारशी समजावून सांगावी लागत नाहीत.

बांगलादेशाचे उदाहरण

लोकांनी स्वतः पैसे भरावेत या आग्रहावर ‘गरिबांकडून काय घेणार’ असा आक्षेप नेहमी येतो. त्याचे उत्तर बांगलादेशाने दिले आहे. तेथील इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या आणि जागतिक पर्यावरण सुविधेच्या साहाय्याने २००३ मध्ये घरगुती सौरसंचांचा कार्यक्रम सुरू केला. २००८ पर्यंत ५० हजार संच हे लक्ष्य होते. ते २००५ मध्येच पुरे झाले, आणि कार्यक्रम संपेपर्यंत ४१ लाखांहून अधिक संच बसले. सुमारे दोन कोटी लोकांना त्यांचा लाभ झाला. संच फुकट नव्हता. कुटुंब सुरुवातीला थोडी रक्कम भरे आणि उरलेली हप्त्यांनी फेडे. ग्रामीण शक्तीसारख्या भागीदार संस्था संच बसवीत, हप्ते गोळा करीत आणि दुरुस्तीही करीत. इडकॉल त्या संस्थांना पुनर्वित्त, म्हणजे त्यांनी हप्त्यांवर दिलेल्या संचांपोटी कर्जाऊ पैसा, देई. सुरुवातीला प्रत्येक संचामागे ९० डॉलर असलेले अनुदान बाजार वाढेल तसे टप्प्याटप्प्याने कमी केले गेले. अनुदान कोणत्या वर्षी किती उतरणार हे आधीच माहीत असल्यामुळे कोणी त्याच्यावर विसंबून राहिले नाही.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच शिकवणारा आहे. सरकारी तार अपेक्षेपेक्षा लवकर खेड्यांत पोहोचली, दुसऱ्या सरकारी योजनांतून संच फुकट वाटले जाऊ लागले, आणि मग लोकांनी हप्ते भरणे थांबवले. वसुली कोसळली, भागीदार संस्था कर्जात सापडल्या. आपल्या प्रस्तावात म्हणूनच एक परिच्छेद अवश्य असावा: उद्या महावितरणची थ्री फेज लाइन आली, किंवा एखाद्या सरकारी योजनेतून फुकट संच मिळाला, तर आपल्या प्रकल्पाचे काय होईल? महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेच्या आणि आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयांत जाऊन त्या पाड्यासाठी काय प्रस्तावित आहे याची लेखी माहिती घ्यावी. पाड्यावर कातकरी, कोलाम किंवा माडिया गोंड कुटुंबे असतील तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानातून तार न पोहोचलेल्या घरांसाठी सौरसंचाची तरतूद आहे. ती आधी तपासावी. सरकारकडून हक्काने मिळणाऱ्या गोष्टीसाठी परदेशी निधी मागणे योग्य नाही.

केनियातून वेगळा धडा घेता येतो. तेथील १४ मागास काउंटींसाठी जागतिक बँकेने २०१७ मध्ये मंजूर केलेल्या १५ कोटी डॉलरच्या प्रकल्पात सौर कंपन्यांना काही रक्कम काम झाल्यानंतर, पडताळणी करून दिली जाते. ‘आधी काम, मग दाम’ अशा निधीचे प्रमाण सध्या वाढते आहे. देणाऱ्याच्या दृष्टीने ती पद्धत रास्त आहे, पण सहा महिने स्वतःच्या खिशातून खर्च भागवण्याची ऐपत नसलेल्या संस्थेने अशा योजनेत उतरू नये. उतरायचेच असेल तर आगाऊ रकमेचा टप्पा करारात मागून घ्यावा.

परकीय योगदान कायद्याची बाजू

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी येथे झालेली चूक संस्थेच्या मुळावर येते. परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० अन्वये परदेशी स्रोताकडून पैसे घेण्यासाठी गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. एवढे काम झालेले नसेल तर ‘पूर्वपरवानगी’चा मार्ग आहे; त्यात एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामापुरती परवानगी मिळते आणि देणगीदाराचे वचनपत्र सोबत जोडावे लागते. नवख्या संस्थेने या मार्गाला कमी लेखू नये.

२०२० च्या दुरुस्तीनंतरच्या तीन गोष्टी पाठ असाव्यात. परदेशी रक्कम फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येते; तेथून पुढे आपल्या जवळच्या बँकेत वापरासाठी खाते ठेवता येते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. आणि एका संस्थेने घेतलेले परकीय योगदान दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. ही तिसरी अट आपल्याला थेट लागू पडते: मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेने निधी घ्यायचा आणि त्यातला हिस्सा पाड्यावरच्या लहान संस्थेला द्यायचा, ही जुनी रीत आता चालत नाही. यंत्रसामग्रीची खरेदी मोठ्या संस्थेने थेट करणे हा एक पर्याय असतो. तो लेखापरीक्षकाकडून लेखी तपासून घ्यावा.

याच कायद्यात एक सवलत आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. संयुक्त राष्ट्रे, त्यांच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या इतर काही संस्था ‘परदेशी स्रोत’ या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. तेव्हा कोणत्याही कार्यक्रमात अर्ज करण्यापूर्वी पैसा मुळात कोणाचा आहे आणि तो कोणाच्या खात्यातून येणार आहे, हे पत्राने विचारून उत्तर जपून ठेवावे.

वार्षिक विवरणपत्र एफसी-४ आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, भरावे लागते; वर्षभरात एक रुपयाही आला नसला तरी. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान चार महिने आधी गेला पाहिजे.

प्रस्ताव लिहिताना

पंधरा पानांची मर्यादा असेल तर बारा पाने लिहावीत. पहिल्या पानावर चार गोष्टी याव्यात: कोणासाठी, कशासाठी, एकूण किती रुपयांत, आणि देणगीदार निघून गेल्यावर खर्च कोण उचलणार. हवामानबदलाच्या जागतिक संकटावर दोन पाने खर्च करण्याचा मोह आवरावा. परीक्षकाला ते संकट ठाऊक आहे, आपला पाडा ठाऊक नाही.

यशाचे मापही नीट निवडावे. ‘४ किलोवॉट पॅनेल बसवले’ हे यश नव्हे, ती खरेदी झाली. दरमहा गिरणी किती तास चालली, किती किलो दळण झाले, किती दिवस बंद राहिली आणि बंद पडल्यापासून किती दिवसांत सुरू झाली, हे आकडे द्यायचे कबूल करावे. शेवटचा आकडा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

अंदाजपत्रक रुपयांत करावे आणि डॉलर किंवा युरोचा दर कोणत्या तारखेचा धरला ते लिहावे, म्हणजे दर घसरला तर बोलणी करता येतात. दरपत्रके ताजी असावीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीची दरपत्रके जोडणारा अर्ज निष्काळजी दिसतो. किमान तीन विक्रेत्यांचा तुलनात्मक तक्ता करावा आणि सर्वांत स्वस्त विक्रेता निवडला नसेल तर कारण लिहावे. ‘त्यांचा मेकॅनिक तालुक्याच्या ठिकाणी राहतो’ हे पुरेसे कारण आहे. अंदाजपत्रकात सहसा राहून जाणाऱ्या बाबींची आठवण येथेच करून देतो: घाटातून यंत्र वर चढवण्याची मजुरी, आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणारा रोधक (लाइटनिंग अरेस्टर) आणि अर्थिंग, माकडांपासून पॅनेल वाचवणारी जाळी, दोन महिलांचे महिनाभराचे प्रशिक्षण, आणि आयुष्य संपलेली बॅटरी रीतसर परत पाठवण्याचा खर्च. कोकणातील जांभ्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही आणि खड्ड्याचा खर्च दुप्पट होतो, हा अनुभव असलेल्या वायरमनला अंदाजपत्रक करताना शेजारी बसवावे.

जागेची कागदपत्रे आधी पाहावीत. गिरणीची खोली वनजमिनीवर येत असेल तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावासाठीच्या ज्या सार्वजनिक सुविधांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, त्यांत अपारंपरिक ऊर्जास्रोतही आहेत. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, या अटी आहेत. तो ठराव गणपूर्तीसह, तारखेसह आणि सह्या-अंगठ्यांसह मिळवण्यास दोन-तीन महिने धरावेत, कारण पेरणीच्या दिवसांत सभा भरत नाही.

नकार आला तर पंधरा दिवसांच्या आत, आभार मानून, कारणे विचारणारे पत्र पाठवावे. सगळेच उत्तर देत नाहीत; जे देतात त्यांची टिपणे पुढच्या अर्जाला फार उपयोगी पडतात. वीज येण्या-जाण्याची वही मात्र त्या काळात थांबवू नये.

मंजुरीनंतर मालकीचा प्रश्न

परकीय योगदानातून घेतलेली मालमत्ता संस्थेच्या नावे असावी लागते, ती बचत गटाच्या किंवा व्यक्तीच्या नावावर करून मोकळे होता येत नाही. दुसरीकडे, यंत्र संस्थेचे आहे असे गटाला वाटले तर पट्टा तुटल्यावर सगळ्या जणी संस्थेच्या फोनची वाट पाहत बसतील. यावर वापराचा करारनामा हा मार्ग मी सुचवतो. मालकी संस्थेची, चालवणे, दर ठरवणे, निधी जमवणे आणि तो खर्च करणे गटाचे, संस्थेचा प्रतिनिधी तीन महिन्यांतून एकदा वही तपासणार, सहा महिने यंत्र बंद राहिले तर काय करायचे तेही त्यातच लिहिलेले. करारनामा मराठीत करावा, पाड्यावरची बोली वेगळी असेल तर त्या बोलीत तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्याची एक प्रत गिरणीच्या खोलीत, मेकॅनिकच्या फोन नंबरासह, खिळ्याला टांगून ठेवावी. खोलीच्या दोन्ही किल्ल्या गटाकडे द्याव्यात.